आज कुणालाही लागलं नाही

शाळेच्या दारातून आत शिरलं की आधी पाटी दिसायची, मग शाळा. पाटी पत्र्याची, दोन तोंडांची, भिंतीवरच्या आकड्याला टांगलेली. एक तोंड हिरवं. त्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: आज कुणालाही लागलं नाही. दुसरं तोंड लाल. त्यावर दोनच शब्द: आज लागलं. हे लाल तोंड अजून कुणी पाहिलं नव्हतं. ते सदा भिंतीकडे वळून उभं, शिक्षा झालेल्या पोरासारखं.

पाटी शाळेच्या चेअरमनसाहेबांनी आणली होती. त्यांचा साबणाचा कारखाना. तिथे यंत्रांच्या डोक्यावर अशीच पाटी असते म्हणे, आणि ती बारा महिने हिरवी असते. साहेबांना वाटलं, जे साबणाला जमतं ते शाळेला का जमू नये. शाळेवर त्यांचा भारी जीव. वर्गातले पंखे त्यांचे, घड्याळं त्यांची, जिना पुसायचा पातळ साबणही त्यांचाच, पिंपं भरभरून फुकट आलेला. त्या साबणाला गुलाबाचा वास होता, आणि खुद्द गुलाबाला कधी नसेल इतका होता.

पाटी यायला निमित्त झालं ते खेळाच्या तासाचं. गेल्या सत्रात एक मुलगा लाकडी घोड्यावरून उडी मारून गादीवर पडायचा तो गादीशेजारी पडला आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं. मुलाचे वडील वकील. त्यामुळे हाड एकच मोडलं तरी आवाज सगळ्या सांगाड्याचा झाला. मग साहेबांनी भर सभेत भाषण केलं. मुलांना लागतं ते खेळाच्या तासाला, ते म्हणाले. बाकीच्या तासांना मुलं बसलेली असतात, आणि बसलेल्या माणसाला काय लागणार? तेव्हा हे सत्र संपेपर्यंत पाटी हिरवी राहिली, तर खेळाच्या हॉलला नव्या जाड गाद्या, साहेबांकडून भेट. आणि एकदा जरी लाल झाली, तर खेळाचा तास बंद. तो तास गणिताला जाईल आणि खेळाच्या बाई वाचनालयात.

गणिताच्या सरांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून वाजवल्या.

खेळाच्या बाई मागे भिंतीला टेकून ऐकत होत्या. गळ्यात सदा शिट्टी, म्हणून पोरं त्यांना शिट्टीबाई म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. नव्या गाद्यांसाठी त्यांनी किती वर्षं तोंड वाजवलं होतं त्याला सुमार नाही. जुन्या गाद्यांतला कापूस केव्हाच घर सोडून गेला होता. त्यांच्यापेक्षा वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी जाड. गाद्या नव्हत्या म्हणून पोरांना लागत होतं, आणि लागलं नाही तरच गाद्या मिळणार होत्या. आधी बरे होऊन दाखवा, मग औषध देतो, असला हा कारभार. आणि वाचनालय तर त्यांना नकोच होतं. पुस्तकं त्यांना आवडत नव्हती असं नाही. पुस्तकं हलत नाहीत, एवढीच त्यांची तक्रार होती.

पोरांनी मात्र पाटी दोन दिवसांत आपलीशी केली. 'कुणालाही' आणि 'लागलं' यांच्यामध्ये पेंटरनं ऐसपैस जागा सोडली होती. पोरांनी ती खडूनं भरायला घेतली. आज कुणालाही वेड लागलं नाही. आज कुणालाही गणित कळायला लागलं नाही. एका सकाळी तिथे 'झोप' हा शब्द आला, तर दुपारपर्यंत कुणीतरी 'लागलं'वर खडू फिरवून सुबक अक्षरात 'लागली' करून ठेवलं. अक्षर भाषेच्या बाईंचं होतं, पण त्या शेवटपर्यंत नाही म्हणाल्या.

आता या शब्दाचीच एक गंमत आहे. आपल्याकडे काय लागत नाही? भूक लागते, दिवा लागतो, लळा लागतो, नोकरीला माणूस लागतो आणि त्या नोकरीची वाटही लागते. पण पोर धडपडलं की या सगळ्यातून आपल्या तोंडी नेमका एकच प्रश्न येतो: लागलं का? आणि तो आपण अशा सुरात विचारतो की उत्तर आत बांधूनच येतं. नाही म्हण बाळा, म्हणजे आपण दोघं सुटलो. पोर उठतं, गुडघा झाडतं, नाही म्हणतं. सगळे सुटतात. गुडघा तेवढा मागे राहतो.

शिट्टीबाई त्यांच्या तासाला आधी पडायला शिकवत. पडता आल्याशिवाय घोड्याजवळ फिरकायचं नाही, हा त्यांचा कायदा. त्यासाठी त्यांनी एक गाणं जुळवलं होतं. चाल त्यांच्या आईची, जात्यावरची, शब्द शिट्टीबाईंचे.

मान घाल पोटात,
हात नको वाटेत,
खांद्यावरून गोल गोल,
उभं राहून मग बोल.

सगळा वर्ग हे म्हणत लोळायचा. हनुवटी छातीशी, कोपरं आत, खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून पायांवर. उठलं की बाई विचारायच्या, लागलं का? वर्ग म्हणायचा, नाही. गाण्याची पाचवी ओळच झाली होती ती. कुणी नुसती ऐकली असती तर म्हणाला असता, काय सुरेख यमक आहे.

वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे नाकतोडी म्हणत, कारण ती चालण्यापेक्षा उडायचीच जास्त. रांगेत उभी असली तरी टाचा जमिनीला टेकलेल्या नसायच्या. घोड्यावरून ती जायची तेव्हा घोडा आहे की नाही हा प्रश्नच तिला पडायचा नाही. शिट्टीबाईंचा तिच्यावर जीव होता आणि तो त्या लपवत, म्हणजे सगळ्यांना माहीत होता.

एका तासाला ती नेहमीसारखी धावत आली, घोड्यावरून भिरभिरत गेली, पाय गादीला टेकले आणि गादीच पायांखालून सटकली. नाकतोडीचा डावा हात वाटेत आला. सगळ्या देहाचं वजन त्या एका पंजावर.  मग ती लोळली, उठली, सरळ उभी राहिली.

"लागलं का?" शिट्टीबाईंनी विचारलं.

"नाही, बाई."

चेहरा पांढराफटक पडला होता. शिट्टीबाईंनी तो बघितला. मग दाराबाहेरच्या जिन्याखालची हिरवी पाटी बघितली, आणि पुढच्या मुलासाठी शिट्टी फुंकली.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात एक नवी फॅशन आली. सगळी पोरं डावा हात जॅकेटच्या खिशात घालून वावरायला लागली. मुलं, मुली, अभ्यासू, उडाणटप्पू, झाडून सगळी. गणिताचे सर उत्तर विचारायचे तेव्हा पोरगं सिनेमाच्या हिरोसारखं एक हात खिशात ठेवून उभं राहायचं आणि तसंच चुकीचं उत्तर द्यायचं. सर आधीच त्या दिवसांत तापट झालेले. खुर्ची समोर असून तासच्या तास उभ्यानं शिकवत आणि कुणी बसा म्हटलं तर डोळे वटारत. त्यांनी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, तक्रार नेली.

मोठ्या बाई काही वाईट नव्हत्या. फक्त त्यांच्याकडे कुठलीही गोष्ट नेली की त्या तिच्यावर सूचना काढत. सूचना निघाली: सर्व पालकांनी जॅकेटचे खिसे शिवून टाकावेत. घरोघरी आयाबापांनी सुईदोरे काढले, बोटं टोचून घेतली, खिसे शिवले. दुसऱ्या सकाळी अख्खा वर्ग डावा हात छातीवरच्या दोन बटणांमधून आत सारून आला, जुन्या सम्राटांच्या तसबिरीत असतो तसा. इतिहासाच्या सरांना भरून आलं. आपलं शिकवणं वाया गेलं नाही असं ते स्टाफरूममध्ये म्हणाले.

शिट्टीबाईही आधी हसल्या. पण त्यांच्या तासाला नाकतोडी बाकावर बसून राहिली. पोट दुखतंय म्हणाली. पुढच्या तासाला डोकं. त्याच्या पुढच्या तासाला बुटाची लेस. बाईंनी जाता जाता विचारलं, लागलं नाही ना काही? ती म्हणाली, नाही. बाई पुढे गेल्या. अगदी झपझप गेल्या. हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचल्यावर त्यांना कळलं की तिथे त्यांचं काहीच काम नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी न्हाणीघरात धप्पकन आवाज झाला. घरात शिट्टीबाई, त्यांचा नवरा आणि सासरे. सासरे म्हणजे सगळं आयुष्य ट्रक चालवलेला माणूस. अजूनही बाटलीचं झाकण उघडत नसलं की ती हक्कानं त्यांच्यापुढे जायची आणि ते ती उघडून, मिशीला हात लावून परत द्यायचे. नवरा दाराशी धावला. बाबा, लागलं का?

"कुणाला?" आतून आवाज आला. "बादली पडली."

जेवायला बसले तेव्हा म्हाताऱ्यांच्या डाव्या हातात चमचा होता. तो तोंडाकडे निघायचा आणि कानाकडे पोचायचा. मुलानं पुन्हा विचारलं, बाबा, खरंच लागलं नाही ना? ते म्हणाले, डाव्या हातानं जेवलं की पचन सुधारतं, वाचलंय मी. कुठे वाचलं ते सांगेनात. मुलगा म्हणाला, बरं, पण आता काही दिवस सकाळी एकटे चौकात जाऊ नका. झालं. म्हातारे ताठ झाले आणि चमचा आणखी जोरात हलवायला लागले. चौकातल्या बाकावर त्यांचे दोस्त बसत. सगळे मिळून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्या लावण्याला नावं ठेवत. तेवढ्यासाठी तर ते सकाळी दाढी करायचे.

शिट्टीबाई भांडी उचलता उचलता थांबल्या. त्यांच्या मनात काहीतरी हललं, पण बोट ठेवता येईना. त्यांनी फडताळातून मलमाची ट्यूब काढली, टोपण उघडलं, स्टूल ओढून सासऱ्यांसमोर बसल्या आणि सहज, बाकीचं सगळं आधीच ठरून गेल्यासारखं म्हणाल्या, "बाबा, कुठे लागलं?"

म्हाताऱ्यांनी तोंड उघडलं. नाही म्हणायची जागाच सापडेना. या प्रश्नाला नाही हे उत्तर बसतच नव्हतं. त्यांनी मलमाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, मग हळूहळू उजवी बाही वर केली.

"इथे," ते म्हणाले. कोपर वांग्यासारखं झालं होतं. मग जरा थांबून, "आणि इथे कमरेवर. आणि हे गुडघ्याचं तुझं लग्न व्हायच्या आधीचं आहे, पण आता बसलीच आहेस तर."

शिट्टीबाई मलम लावत होत्या आणि म्हातारे सांगत होते. घाटात ट्रक कलंडला तेव्हाचं. फळीवरून घसरले तेव्हाचं. बायकोलाही सांगितलं नव्हतं, कारण तिनं रात्रीच्या फेऱ्या बंद करायला लावल्या असत्या. शिट्टीबाईंचा हात चालता चालता मंद झाला. त्यांना समोर नाकतोडी दिसत होती. बटणांमध्ये हात घातलेली ती पलटण दिसत होती. आणि शिट्टी फुंकणारी एक बाई दिसत होती.

सकाळी पहिलाच तास त्यांचा होता. त्यांनी हॉलचं दार लावलं, शिट्टी गळ्यातून काढून घोड्यावर ठेवली आणि जमिनीवर मांडी घातली. पोरं चक्रावली. शिट्टीबाई बसतात हेच मुळी कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी नाकतोडीला समोर बसवलं.

"कुठे लागलं?"

नाकतोडीनं हात बटणांमध्ये आणखी आत सारला.  मग मागून एक मुलगा काकुळतीला आल्यासारखा म्हणाला, "बाई, नका ना विचारू. पाटी आहे."

"पाटीला नाही लागलं. हिला विचारतेय."

"तुम्हाला वाचनालयात टाकतील," नाकतोडी म्हणाली. "तिथे तुम्हाला करमणार नाही."

 शिट्टीबाईंनी नुसता हात पुढे केला, तळवा वर. बऱ्याच वेळानं नाकतोडीनं बटणांमधून डावा हात बाहेर काढला आणि त्या तळव्यावर ठेवला, पाखरू ठेवावं तसा. मनगट सुजून टम्म झालेलं. त्याला एक फूटपट्टी लावलेली आणि वरून मोजे गुंडाळलेले. पुस्तकातलं प्रथमोपचाराचं पान वर्गानं मन लावून वाचलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या वर्गानं एखादं पान मन लावून वाचलं होतं. फूटपट्टी गणिताच्या सरांची होती. मोजे कुणाचे होते ते वासावरून कळत होतं. दप्तर कोण उचलतो, बुटाची लेस कोण बांधतो, सगळी वाटणी झाली होती. आणि तिचा एकटीचा हात दिसू नये म्हणून सगळ्यांनी आपापला हात लपवला होता.

किती दिवस झाले, हे बाईंना विचारावं लागलं नाही. त्यांना तो तास पाठ होता. त्यांनी तो चेहरा बघितला होता.

डॉक्टरांनी फोटो काढला. हाडाला तडा. त्याच दिवशी आणली असती तर पोरीचं एवढं दुखणं वाचलं असतं, ते म्हणाले, आणि वर, आपण खेळ शिकवता ना, असंही विचारलं. शिट्टीबाईंनी दोन्ही ऐकून घेतलं. नाकतोडीची आई कामावरून धावत आली. ती साहेबांच्याच कारखान्यात वड्यांना कागद लावायच्या यंत्रावर होती. बाईंना वाटलं आता ही आपल्याला उभी चिरेल. पण तिनं पोरीचे पटापट मुके घेतले, एक धपाटा घातला आणि मग बाईंकडे वळून म्हणाली, "आमच्याकडेही पाटी हिरवीच असते हो. बोटं तेवढी घरी जाताना तपासून घ्यायची."

शिट्टीबाई शाळेत परतल्या तेव्हा मधली सुट्टी व्हायची होती. शिपाईकाका पाटीखाली स्टुलावर बसून पत्रा पुसत होते, कारण आज चेअरमनसाहेब यायचे होते. पाटीशेजारी उभं राहून त्यांना फोटो काढायचा होता. बाईंनी काकांना बाजूला व्हायला सांगितलं. काका म्हणाले, बाई, आज नको. उद्या करा, मी स्वतः धरून देतो. बाईंनी पाटी उचलली, उलटी केली आणि पुन्हा अडकवली. लाल रंग अजून कोराकरकरीत होता. आज लागलं.

घंटा झाली आणि पोरं जिन्यावरून खाली आली. पहिली रांग पाटीसमोर थबकली, तिच्यावर दुसरी आदळली. एवढी शांतता त्या शाळेत परीक्षेतसुद्धा झाली नव्हती. शिट्टीबाई पाटीखाली उभ्या होत्या. मोठ्या बाई ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि कोणती सूचना काढावी हे त्यांना सुचत नव्हतं.

तेवढ्यात धाकट्या वर्गातला एक जाडा मुलगा पुढे आला. त्यानं पाटी पुन्हा एकदा वाचली, खात्री करून घेतली.

"बाई, लाल झालीच आहे ना आता?"

"झाली."

"आणि ती याच्याहून जास्त लाल होत नाही ना?"

"नाही."

"मग माझा अंगठा बघता?" म्हणाला आणि तिथेच बूट काढायला बसला.

त्याच्यामागे दुसरी आली. तिसरा आला. मग रांगच लागली. बाई एकेकाला विचारत गेल्या, कुठे लागलं? आणि या प्रश्नाची आणखी एक करामत त्यांच्या ध्यानात आली, जी त्यांनी विचारताना मनात धरली नव्हती. पोरं दोन्ही उत्तरं देत होती. कुठे? गुडघ्याला. कुठे? जिन्यात. कोपराला, जिन्यात. हनुवटीला, जिन्यात, खालून तिसऱ्या पायरीवर, तिथे फार गुळगुळीत आहे. मांडीला, बाकावर, खिळा वर आलाय. पुन्हा जिना. एका मुलीचा हलणारा दात दुधाचाच होता, पण तिनं तोही जिन्याच्या नावावर लावला. खेळाच्या तासाचेही निघाले, नाही असं नाही. त्या सपाट गाद्यांवर घोटा मुरगळलेला एक, कंबर धरलेली एक. पण जिन्यापुढे घोडा म्हणजे गरीब गाय ठरला.

शिपाईकाका हे सगळं ऐकत होते. ते खाकरले. जिना ते रोज सकाळी शाळा भरायच्या तोंडावर पुसत. त्या साबणाला पाणी कितीही मारा, म्हणाले, तो सुटत नाही. मी स्वतः कठड्याला धरून पुसतो.

रांगेच्या शेवटी गणिताचे सर उभे होते. पोरांना वाटलं ते शिस्त लावायला आलेत. पण ते रांगेतच सरकत होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि खाली वाकून बाईंच्या कानाशी पुटपुटले.

"माकडहाड," ते म्हणाले. "जिन्यात. म्हणून तर बसता येत नाही."

नेमके त्याच वेळी चेअरमनसाहेब आत आले. एवढी लांब रांग बघून त्यांना वाटलं स्वागताची आहे. त्यांनी दोघातिघांशी हात मिळवले. तिसरा हात मुरगळलेला निघाला. मग त्यांची नजर पाटीवर गेली आणि चेहरा पाटीच्याच रंगाचा झाला. कोण, केव्हा, कोणाच्या तासाला, असं त्यांनी एका दमात विचारलं. शिट्टीबाई म्हणाल्या, माझ्या. आणि सगळं सांगितलं. गादी सटकली ती, चेहरा दिसला तो, शिट्टी फुंकली ती. काही गाळलं नाही. साहेब म्हणाले, मग ठरल्याप्रमाणे तास बंद.

शिट्टीबाईंनी मान हलवली. वाचनालयाचं दार तिथून दिसत होतं.

"साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. सगळ्यांनी चमकून बघितलं, कारण त्या सूचनेच्या कागदाशिवाय बोलत होत्या. "मग जिनाही बंद करावा लागेल. तो तर जास्त पाडतो. आणि वरचे वर्ग खिडकीतून भरवावे लागतील."

"जिन्याला काय झालं?"

"तुमचा साबण फार चांगला आहे."

"आहेच."

"इतका चांगला आहे की पाय ठरत नाही."

पोरांत कुणीतरी फसकन हसलं. साहेबांनी जिन्याकडे बघितलं, गुलाबाचा वास घेतला, कठडा घट्ट धरून उभ्या असलेल्या शिपाईकाकांकडे बघितलं. ते मुळात वाईट गृहस्थ नव्हते. कुणी त्यांना कधी 'नाही' म्हटलेलं नसल्यामुळे आपलं कधी चुकत नाही अशी त्यांची समजूत होत गेली होती, इतकंच. पण शब्द दिला होता. तो तास गणिताला गेला, ते म्हणाले, सगळ्यांसमोर ठरलं होतं. सर, उद्यापासून घ्या.

गणिताच्या सरांनी तो तास किती वर्षं मनात धरला होता हे स्टाफरूमला माहीत होतं. त्यांचे डोळे लकाकले. मग त्यांनी आपल्या दिवसातले तास मनाशी जुळवले, त्यात हा घातला, हे सगळं उभ्यानं आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि लकाकी विझली.

"नको," सर म्हणाले. "मला नको. असू द्या त्यांच्याकडेच."

दुसरा कुणी घेतो का, असं साहेबांनी विचारून बघितलं. भाषेच्या बाई छताकडे बघायला लागल्या. इतिहासाच्या सरांनी घड्याळ बघितलं. घेणारं कुणी नसलं की माणसाचं आपल्यापाशीच राहतं, तसा तो तास शिट्टीबाईंपाशी राहिला. साहेबांनी पाटी उतरवून घेतली आणि गाडीत ठेवायला सांगितली. शिट्टीबाई त्यांच्या मागे दरवाजापर्यंत गेल्या आणि गाद्यांचं विचारलं. साहेब काच वर करता करता म्हणाले, बघतो.

घोड्याला शिट्टीबाईंनी स्वतःच्या हातानं कुलूप घातलं. गाद्या आल्याशिवाय उडी नाही. वर्गानं हाय खाल्ली. गेल्या कित्येक दिवसांची मेहनत, ते मोजे, ते खिसे, सगळं त्या कुलपासाठीच का केलं, असे चेहरे झाले पोरांचे. जिना आता शाळा सुटल्यावर साध्या पाण्यानं पुसला जातो. बाकातले खिळे ठोकून झाले, त्यात शिपाईकाकांच्या बोटावर हातोडी बसली आणि ते कुणी विचारायच्या आतच ओरडून सगळ्यांना सांगत सुटले.

नाकतोडी प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून तासाला यायची आणि भिंतीशी बाकावर बसायची. शिट्टीबाईंशी बोलायची नाही. त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. एवढं दुखणं गिळलं, ते बाईंसाठी. आणि बाईंनी ते सगळ्या शाळेसमोर मांडून ठेवलं. बाईंना हे कळत होतं. त्यांनी तिला समजावलं नाही. समोर वर्ग लोळत होता, धप्प धप्प आवाज येत होते. बाई येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. आता त्या बसायला लागल्या होत्या.

 मग नाकतोडीनं समोर बघतच विचारलं, "गाद्या कधी येणार?"

"साहेब म्हणाले, बघतो."

नाकतोडीनं यावर नीट विचार केला. तिचे वडीलही घरात 'बघतो' म्हणत असावेत.

"म्हणजे नाही," ती म्हणाली.

"म्हणजे नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून आज शाळा सुटल्यावर मी त्यांच्या कारखान्यावर जातेय. फाटकाशी बसून राहणार. उद्याही. गाद्या देईपर्यंत."

"तुम्हाला हाकलतील."

"हाकलू देत."

नाकतोडी बाकावरून थोडी अलीकडे सरकली. तिनं आपल्या बुटांकडे बघितलं, मग बाईंच्या.

"आईची पाळी संध्याकाळी सुटते," ती म्हणाली. "तिला न्यायला मी फाटकावर जातेच. मी पण बसते तुमच्याबरोबर. प्लॅस्टर वर धरून बसते. ते बघून त्यांना लाज वाटेल."

"घरी विचारून ये."

"विचारते," ती म्हणाली, आणि समोर एका पोराकडे बघून जोरात ओरडली, "अरे ए, हात काढ ना वाटेतून, किती वेळा सांगायचं."